याकोब मास्तरांचा खांदा

पुरुषमाणूस मुलींच्या वेण्या घालतो आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते कर्जत स्टेशनमागच्या रेल्वेच्या चाळीत. नवी नवरी होऊन मी पेणहून आले होते. खोपोलीपर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडी, आणि आता दहिवलीच्या घरी जायला पुन्हा बैलगाडी. गाडी चाळीवरून निघाली तर ओट्यावर एक उंच, सावळा गृहस्थ बसलेला. अंगात काळा कोट, डोक्याला टोपी, हातात फणी आणि दातांत लाल रिबीन. समोर एकीपेक्षा एक लहान अशा तीन मुली ओळीनं बसलेल्या. बायको गेली असेल बिचाऱ्याची, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात आतून एक चांगली धडधाकट बाई बाहेर आली, आणि दातांतली रिबीन काढून तो गृहस्थ तिला म्हणाला, "मार्थाबाई, चहा जरा झाकून ठेवता का? ही एक शेपटी राहिलीय."

बायकोला अहोजाहो! मला हसू आवरेना. पदर तोंडाशी धरून मी हसले तर शेजारी बसलेले आमचे हे एकदम गंभीर झाले. "हसायचं नाही," म्हणाले. "ते आमचे मास्तर."

नवरा माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. त्यामुळे याकोब मास्तरांची आणि माझी ओळख संसाराइतकीच जुनी आहे.

मास्तर मूळचे नगरकडचे. आजोबांच्या वेळी घराणं ख्रिस्ती झालेलं. ते शाळामास्तर नव्हते, कर्जत स्टेशनात तारमास्तर होते. पण सकाळी कामावर जायच्या आधी चाळीच्या ओट्यावर त्यांचा वर्ग भरे. गावातल्या ज्या मुलांना नोकरी हवी त्यांना ते इंग्रजी आणि तारेची भाषा शिकवत. फी काही नाही. तारेचं यंत्र घरी कुठलं असायला, तेव्हा पितळेच्या वाटीवर चमचा वाजवून शिकवणी चाले. कड, कट्ट, कड. एखाद्यानं चुकीचं वाजवलं की मास्तर नुसतं म्हणत, "पुन्हा." रागावणं नाही, छडी नाही. दहाव्यांदा चुकला तरी त्याच आवाजात, "पुन्हा." हे म्हणत, "त्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

कर्जत-दहिवलीत त्या काळी ज्याच्या अंगावर रेल्वेचा कोट चढला, तो बहुतेक या ओट्यावरून उठून गेलेला. पण गाव कसं शहाणं! मुलं शिकायला पाठवायची, मात्र प्रत्येकानं आपली चटई घरून न्यायची, पाण्याचा तांब्याही घरून, आणि परत आल्यावर मागल्या दारी कपडे बदलून मगच आत यायचं. आमचे हेही तसंच करत. पण मार्थाबाईंचा चिवडा फार चांगला असे, आणि तो मात्र मागल्या दारी उतरवता येण्यासारखा नव्हता. सासूबाई एकदा यांच्या मिशीकडं बघून म्हणाल्या, "इंग्रजी शिकताना तीळ लागतात वाटतं तोंडाला?" हे लाल झाले. सासूबाईंनी पुढं काही विचारलं नाही. त्यांचं असंच होतं. बघायच्या सगळं, बोलायच्या मोजकं.

मास्तर देवभोळे नव्हते, पण देवाशिवाय त्यांचं पान हलत नसे. पेरू खायचा झाला तरी आधी डोळे मिटून देवाचे आभार. शेंगदाणे खातानाही तेच. मुलं म्हणत, मास्तरांचे डोळे मिटलेले असताना मूठभर दाणे सहज पळवता येतात. मास्तरांना ते ठाऊक असणार, कारण दाण्यांच्या दिवशी प्रार्थना अंमळ लांबायची. कर्जतला त्यांच्या लोकांचं देऊळ नव्हतं. रविवारी सगळं कुटुंब घरातच ओळीनं बसे, मार्थाबाई झांज धरत आणि मास्तर मोठ्यानं गात. गळा भयंकर. चाळीतले लोक म्हणत, घाट चढायला मागून जोडतात ते इंजिन बरं. पण रविवारी ते गाणं ऐकू आलं नाही तर तेच लोक चौकशीला येत.

"प्रार्थना म्हणजे तार नव्हे," मास्तर म्हणायचे. "पोचल्याची खूण लगेच येत नाही. आपण पाठवत राहायचं."

गुणांचा पुतळा वगैरे नव्हते ते. आपल्या इंग्रजी अक्षराचा त्यांना गर्व होता. दुसऱ्याचं अक्षर पाहिलं की नाक किंचित वर जाई. स्वतःच्या मुलाशी, प्रभाकरशी, फार कडक वागत. लोकांच्या मुलांना "पुन्हा", आणि प्रभाकरला मात्र उन्हात उभं करणं. मार्थाबाई एकदा मला म्हणाल्या, "यांचा सगळा मऊपणा ओट्यावर संपतो, सूनबाई. घरात येईपर्यंत काही उरत नाही." मग लगेच जीभ चावून म्हणाल्या, "मुलींना उरतो हं."

एका वर्षी त्यांनी हिरू नावाच्या ठाकराच्या मुलाला वर्गात आणून बसवलं. डोंगरातल्या वाडीवरचा मुलगा, रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्यांच्या हाताखाली कंदील पुसायला होता. गावातल्या मुलांनी कुरकुर केली. सरळ कसं बोलणार? म्हणून म्हणाले, "मास्तर, ओट्यावर जागा पुरत नाही." मास्तर म्हणाले, "खरंच की." उठले, आपली खुर्ची हिरूला दिली आणि उभ्यानं शिकवायला लागले.

हिरू बिचारा घाबरला. "मास्तर, तुमी बसा ना. आमी खाली बसतो, आमाला सवय हाय."

"मलाही होईल सवय," मास्तर म्हणाले.

पावसाळा गेला, हिवाळा आला, मास्तर उभेच. शेवटी मुलांनाच लाज वाटली. एक दिवस सगळे सरकून बसले आणि हिरूला मध्ये जागा झाली. मास्तर खुर्चीवर बसले आणि काहीच न घडल्यासारखं म्हणाले, "हं. पुन्हा." आमचे हे ही गोष्ट पुष्कळदा सांगत. सांगताना छाती फुगे. सरकून बसणाऱ्यांत ते पहिले होते म्हणे.

मग तो तापाचा साथरोग आला. मुंबईकडून गाडीनंच आला आणि आधी स्टेशनच्या भोवती, मग गावात, मग वाड्यांवर पसरला. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना खरं वाटणार नाही. आमच्या घरी सगळे अंथरुणात. मी नुकती उठून बसू लागले होते, यांचा ताप उतरत नव्हता, आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, सकाळी पाणी मागता मागता गेले.

सासूबाई दारात उभ्या राहून आळीला हाका मारत होत्या. प्रत्येक घराचं दार बंद. काही घरांत खरंच उठण्याजोगं कुणी नव्हतं, काहींत होतं. ऊन चढलं तरी कुणी येईना. आणि मग आळीच्या टोकाला तो काळा कोट दिसला. हे वर्गाला गेले नाहीत, तेव्हा 'विनायक का आला नाही' म्हणून बघायला मास्तर आले होते. बरोबर हिरू होता.

मास्तरांनी दारातूनच सगळं पाहिलं आणि टोपी काढली. सासूबाई म्हणाल्या, "मास्तर, उचला हो यांना."

"आई, मी ख्रिस्ती आहे," मास्तर हळूच म्हणाले. "हा हिरू ठाकराचा."

"मला दिसतंय कोण आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "उचला."

हिरू धावत जाऊन रुळांवर काम करणारे दोन गडी घेऊन आला. तिरडी मास्तरांनी बांधली. कशी बांधायची ते सासूबाई सांगत होत्या, उंबऱ्यात बसून. आजवर कुठल्या बाईवर अशी वेळ आली असेल? यांना तापातच गाडीत घालून नदीवर नेलं. भटजी स्वतः अंथरुणात, तेव्हा मंत्र नाही, काही नाही. यांनी अग्नी दिला. मास्तर लांब उभे होते, ओठ हलत होते. हिरूनं मागाहून मला सांगितलं, "मास्तर रडत व्हते. म्हातारा त्यांचा कोन व्हता?"

कोण होता? मामंजींनी मास्तरांना कधी ओसरीवर बसायला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मास्तरांनी किती जणांना खांदा दिला, देवाला माहीत. ब्राह्मण, मराठे, मुसलमान, कातकरी. ड्यूटी संपली की काळा कोट आळ्याआळ्यांतून फिरताना दिसे. कोटाचा उजवा खांदा पार विरून गेला. मार्थाबाईंनी आतून ठिगळ लावलं.

आठवड्याभरानं पनवेलहून भाऊजी आले. यांचे थोरले चुलतबंधू, घरात त्यांचा शब्द शेवटचा. सगळी हकीकत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. ख्रिस्ती माणसानं नेलं, ठाकरानं खांदा दिला, अग्नी मंत्राशिवाय! म्हणजे काकांना गती नाही. मग काय करायचं? शास्त्रात उपाय होता. ज्याचा देह मिळत नाही त्याचा करतात तसा पळसाच्या पानांचा देह करायचा आणि त्याला पुन्हा विधिपूर्वक अग्नी द्यायचा. जे झालं ते झालंच नाही असं धरायचं.

हे म्हणाले, "पण मास्तर..."

"काकूकडं बघ," भाऊजी म्हणाले. "तिच्या जिवाला काय वाटत असेल? तिच्यासाठी कर."

सासूबाई आत कोनाड्याशी भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. हे मान खाली घालून हो म्हणाले. मीही काही बोलले नाही. घरात येऊन दोन वर्षं झालेली सून कुठं बोलते? हे उत्तर मी अजून स्वतःला देते, आणि अजून ते पटत नाही.

पळसाची पानं पुष्कळ लागणार होती, देठांसकट. आणायला जाणार कोण? सगळं गाव आजारी. दुसऱ्या दिवशी मास्तर यांची विचारपूस करायला कुंपणापाशी आले तेव्हा यांच्या तोंडून निघून गेलं, "पळसाची पानं कुठं मिळतील?"

"कशाला रे?"

यांनी सांगितलं, "पत्रावळींना. तेराव्याला."

मास्तरांनी मान हलवली. संध्याकाळी पळसदरीच्या बाजूनं येणाऱ्या रेल्वेच्या ट्रॉलीवरून टोपलीभर पानं आली, निवडलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. हिरूनं ती कुंपणावरून दिली. कुठून आली ते भाऊजींनी विचारलं नाही, आणि यांनी सांगितलं नाही.

हे नदीपर्यंत चालू शकत नव्हते म्हणून आमच्याच मळ्यातल्या खळ्यावर विधी मांडला. दर्भावर पानं रचून माणसाचा आकार केला, डोक्याच्या जागी नारळ, वर पांढरं वस्त्र. मी माझ्या तान्ह्या पोरीला घेऊन मागल्या दारात उभी होते. तेवढ्यात नदीकडच्या पायवाटेनं मास्तर आले. स्वतःच्या डोक्यावर दुसरी टोपली घेऊन. तेराव्याला माणसं जास्त झाली तर पत्रावळी कमी पडायला नकोत, असं त्यांच्या मनात आलं असणार.

कुंपणावरून त्यांना आधी ते पांढरं वस्त्र दिसलं. त्यांनी टोपली घाईनं खाली ठेवली, टोपी काढली, डोळे मिटले. मग माझ्याकडं वळले.

"सूनबाई, आता कोण गेलं? पोर तर नव्हे ना?"

पोर माझ्या पदराखाली होती. मी ती दाखवली. त्यांनी मोठा श्वास सोडला.

"मग कोण?"

काय सांगायचं होतं मी? मी म्हटलं, "मामंजी."

"त्यांचं तर झालं ना, त्या दिवशी?"

खळ्यावर, नुकत्याच अंथरुणातून उठलेल्या भटजींचा मंत्र चालू होता. मास्तरांनी पुन्हा तिकडं पाहिलं. वाऱ्यानं वस्त्राची कड उडाली आणि खालची पानं दिसली. त्यांनी ती ओळखली. मग त्यांनी यांच्याकडं पाहिलं. हे ओलेत्यानं बसले होते, बोटात दर्भाची अंगठी, नजर जमिनीत. वर पाहिलंच नाही.

मास्तर हिंदूंच्या देशातलेच, समजायला कितीसा वेळ लागणार? मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि मला अगदी साध्या आवाजात विचारलं, "पानं पुरली का? ही आणखी आणलीत."

आणि टोपली कुंपणाच्या बाहेरच, कुणाला शिवावं लागू नये अशी लांब सरकवून ते गेले. मला त्या क्षणी धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. धरणी असं कधी करत नाही. मी आत गेले आणि पोरीला पाजायला बसले.

साथ त्यानंतरही काही दिवस होती. मास्तर जातच राहिले. पण आता प्रत्येक दारात उभं राहून ते आधी विचारत, "माझा खांदा चालेल का?" पूर्वी विचारत नसत. मढं घरात पडलेलं असतानाही "नको" म्हणणारे लोक निघाले. विचारलं नसतं तर कुणी म्हटलं नसतं.

यांनी वर्गाला जायचं सोडलं. विषय काढला की उठून बाहेर जात. दोन महिन्यांनी हिरू येऊन ओसरीच्या पायरीवर ठाण मांडून बसला. "मास्तरांनी सांगितलंय, सोमवारी परीक्षा हाय, मुंबईचा सायब येनार हाय. तुमी येतो म्हनेपर्यंत मी काय हलायचो नाय. आनि मला भूक लागलीय." हे गेले. मी धास्तावून वाट बघत होते. परत आल्यावर विचारलं, मास्तर काय म्हणाले? हे म्हणाले, "मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी वाटी-चमचा पुढं केला. मी चुकलो. ते म्हणाले, पुन्हा."

परीक्षेत हे पास झाले. नेरळला तारऑफिसात लागले. त्या नोकरीवर आमचं घर चाललं, मुलं शिकली. यांनी मास्तरांपाशी खळ्यावरचा विषय एकदाही काढला नाही, आणि मास्तरांनी काढू दिला नाही. एकदा मात्र, पुष्कळ वर्षांनी, यांनी धीर करून त्यांना जेवायला बोलावलं. ओसरीवर नव्हे, आत पंक्तीला. मास्तर हसले. म्हणाले, "आई आहेत तोवर नको, विनायक. त्यांना या वयात कशाला त्रास?" तेव्हा यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. यांना कशाला नावं ठेवू? ताटं कुठली काढायची या विवंचनेत मी होते, आणि माझाही जीव भांड्यात पडला.

मास्तर निवृत्त झाले आणि कर्जतलाच राहिले. प्रभाकर दूर कुठं नोकरीला होता. मुली आपापल्या घरी. एका उन्हाळ्यात मास्तर गेले. आम्हाला हिरूनं सांगितलं. तो आता सांधेवाला झाला होता. येऊन पायरीवर बसला आणि म्हणाला, "काल पुरलं मास्तरांना."

"काल?" हे ओरडलेच. "आणि मला आज सांगतोस?"

"मास्तरांनीच तसं सांगून ठेवलं व्हतं," हिरू म्हणाला, आणि डोळे पुसू लागला.

आम्ही तसेच गेलो. मार्थाबाई काळी किनार असलेल्या पांढऱ्या लुगड्यात बसल्या होत्या. यांना पाहून त्यांनी जवळ बसवलं. "रागावू नका," म्हणाल्या. "चार दिवस आधी ते मला म्हणाले, विनायकला नंतर कळवा. आधी कळलं तर तो धावत येईल, खांदा देईल, आणि मग त्याला घरी जाऊन सगळं निस्तरावं लागेल. त्याची आई म्हातारी आहे. त्याला पुन्हा त्यातून जायला लावू नका."

परत येताना हे नदीच्या वाळूत बसले आणि लहान मुलासारखे रडले.

घरी सासूबाई खाटेवर होत्या. डोळे गेले होते, कान शाबूत. सगळं त्यांना ऐकवलं. ऐकून त्या उठून बसल्या.

"माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलं होतं? उचला म्हणाले ती मी. माझ्या माणसाला नीट नेलं होतं त्या माणसानं. ते पानांचं बाहुलं तुम्ही दोघा भावांनी जाळलंत, आणि नाव माझं लावलंत. आणि तो मरेपर्यंत समजत राहिला की मला चालत नव्हतं?"

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आम्हीही जेवलो नाही.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या मरणाआधी महिनाभर, दहिवलीच्या रस्त्यावर. मी बाजारातून येत होते, ते काठी टेकत समोरून येत होते. मागून एक प्रेतयात्रा आली. कुणाची ते मला माहीत नाही. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला झालो. मास्तरांनी टोपी काढली. तिरडी आमच्यासमोर आली तेव्हा पुढचा एक जण, वयानं बराच थकलेला, अडखळला आणि खांदा बदलायला कुणी आहे का म्हणून इकडंतिकडं बघू लागला. मास्तरांनी काठी माझ्या हातात दिली आणि एक पाऊल पुढं टाकलं. मग थांबले. ते पाऊल त्यांनी मागं घेतलं, माझ्याकडून काठी परत घेतली, आणि तिरडी वळणाआड जाईपर्यंत टोपी हातात धरून कडेलाच उभे राहिले.